तबेल्यातील स्लरी शेतात नेण्यासाठी पंप कसा निवडावा?

तबेल्याचा धंदा करणारा माणूस सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध निघाले याचा हिशेब चोख ठेवतो. शेण किती निघाले, याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. एका म्हशीपासून दिवसाला साधारणपणे १५ किलो शेण मिळते. म्हणजे ४० म्हशींच्या तबेल्यात रोज ६०० किलो आणि महिन्याला १८ टन शेण जमा होते. शिवाय मूत्र आणि धुण्याचे पाणी वेगळेच. पूर्वी हा प्रश्न नव्हता. आजूबाजूच्या गावांतील शेतकरी राब भाजण्यासाठी आणि उकिरड्यासाठी शेण उचलून नेत, बाया गोवऱ्या थापत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, घरोघरी गॅस सिलिंडर आले. पनवेल-तळोजा-शिळफाटा पट्ट्यात तबेले राहिले, पण शेण उचलणारे कमी झाले.

मग सोपा मार्ग म्हणजे नाला. मुंबईत दहिसर नदीची तबेल्यांच्या शेणाने काय दशा झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. आता त्या मार्गाने जाणे परवडणारे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली गोठे आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या असून शेण व सांडपाणी नाल्यात सोडण्यास त्यात मनाई आहे. तेव्हा शेण गोबरगॅसच्या टाकीत घालणे व त्यातून निघणारी पातळ स्लरी शेतात पोहोचवणे, किंवा शेण सरळ पाण्यात कालवून शेतात सोडणे, हे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात. (गोबरगॅस ही काही आजकालची कल्पना नव्हे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू तयार करण्यात आला होता.) दोन्ही मार्गांत स्लरी खड्ड्यातून उचलून शेतापर्यंत न्यावी लागते. त्यासाठी पंप लागतो, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

ती चूक प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली आहे. आमच्या मामूंच्या तबेल्यासाठी आम्ही बाजारातून पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप आणला. दुकानदाराने "काहीही ओढेल" असे छातीठोकपणे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी पंप घुमू लागला पण पाइपातून काही येईना. खोलून पाहिले तर इम्पेलरमध्ये पेंढा, सुतळी आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा यांचा गच्च वळ बसलेला. मामू शांतपणे म्हणाले, "बेटा, हा पाणी ओढतो. शेण ओढत नाही." पुढच्या महिन्याभरात तो पंप अकरा वेळा खोलावा लागला. त्यातल्या एका वेळी फूट व्हॉल्व्ह मोकळा करायला गडी शिडी लावून खड्ड्यात उतरत होता. मामूंनी त्याला ओरडून वर बोलावले, म्हणून आज हा लेख लिहिताना मनावर ओझे नाही. त्या खड्ड्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहोत.

आधी स्लरी मोजावी

पंपाच्या दुकानात जाण्यापूर्वी आपली स्लरी किती घट्ट आहे हे ठाऊक असले पाहिजे. ताज्या शेणात सुमारे ८० ते ८५ टक्के पाणीच असते, उरलेला १५ ते २० टक्के भाग घन. गोबरगॅससाठी शेण आणि पाणी समप्रमाणात कालवले की घन भाग ८ ते १० टक्क्यांवर येतो. तबेल्यातील स्लरीचे मोजमाप घरीच करता येते. खड्डा नीट ढवळून एक किलो स्लरी पातेल्यात घ्यावी, उन्हात आणि नंतर मंद आचेवर पूर्ण सुकवावी आणि उरलेला भाग तोलावा. ७० ग्रॅम उरले तर घन भाग ७ टक्के.

आता हिशेब पाहा. ४० म्हशींचे ६०० किलो शेण, तेवढेच पाणी आणि सुमारे ४०० लिटर मूत्र मिळून रोजची १६०० लिटर स्लरी होते व तिच्यात जवळजवळ ७ टक्के घन भाग असतो. पण म्हशी धुण्याचे आणि फरशी धुण्याचे आणखी १४०० लिटर पाणी त्याच खड्ड्यात गेले तर स्लरी ३००० लिटर होते आणि घन भाग साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरतो. पंपाला दुसरी स्लरी सोपी, परंतु साठवायला आणि वाहून न्यायला जवळजवळ दुप्पट. म्हणून धुण्याचे पाणी वेगळ्या गटाराने काढावे की स्लरीत मिसळावे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. पंप त्यानंतर.

पंपांचे प्रकार

घन भाग ४-५ टक्क्यांपर्यंत असेल तर उघड्या इम्पेलरचा सेंट्रिफ्युगल पंप काम देतो. "उघड्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतीच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या बहुतेक मोनोब्लॉक पंपांचा इम्पेलर दोन तबकड्यांमध्ये बंद असतो. त्याच्या अरुंद वाटा स्वच्छ पाण्यासाठी उत्तम, पेंढ्यासाठी सापळा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: हा पंप किती मिलिमीटरचा घन तुकडा आरपार जाऊ देतो? उत्तर देता आले नाही तर तो पंप स्लरीसाठी बनलेला नाही असे समजावे.

५ ते ८-१० टक्क्यांच्या स्लरीसाठी पाण्यात बुडणारा कटर पंप योग्य. त्याच्या तोंडाशीच कठीण पोलादाचे पाते असते. ते पेंढा आणि दोरी कापून आत घेते. पाते झिजते, म्हणून बदलीचे पाते मुंबईत कुठे व किती दिवसांत मिळेल याची चौकशी पंप घेण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. आणखी एक पंप भोवरा पद्धतीचा असतो. त्यात इम्पेलर मागे सरकवलेला असल्याने बराचसा माल त्याला न शिवता निघून जातो. तो अडकत नाही, मात्र वीज जास्त खातो.

१० टक्क्यांच्या वर गेलेली घट्ट रबडी स्क्रू पंपच ढकलू शकतो. फ्रान्सच्या रेने म्वान्यो यांनी १९३०च्या सुमारास शोधलेला हा पंप रबराच्या नळकांड्यात पोलादी स्क्रू फिरवून माल पुढे सरकवतो. किंमत मोठी. आणि खड्डा रिकामा झाल्यावर चालूच राहिला तर काही मिनिटांत रबर जळते. ज्या तबेल्यात पंपाजवळ उभा राहणारा जाणकार माणूस नाही, तिथे आम्ही हा पंप सुचवणार नाही.

बांधकामांवर पाणी उपसायला वापरतात तो "मड पंप" स्वस्तात भाड्याने किंवा जुना मिळतो, आणि नवी मुंबईत बांधकामांना तोटा नाही. त्यामुळे अनेकांना तो घ्यावासा वाटतो. पण तो वाळू-मातीच्या पाण्यासाठी बनलेला असतो. त्याच्या तळाशी असलेल्या जाळीवर पेंढ्याचा थर बसतो आणि पंप उपाशी राहतो. जाळी काढून टाकली तर इम्पेलर अडकतो.

जुना माल घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून निघालेले पंप भंगारात येतात. त्यांचे पोलाद उत्तम असते, पण त्यांतून पूर्वी कोणते रसायन वाहिले हे सांगणारा कोणी नसतो. ज्या पंपातून शेतात खत जाणार, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर तो घेऊ नये.

हॉर्सपॉवर किती?

या प्रश्नाचे उत्तर दुकानात नव्हे, आपल्या जागेवर मिळते. समजा खड्डा ३ मीटर खोल आहे, शेत तबेल्यापासून २०० मीटर दूर आणि ४ मीटर उंचावर आहे. म्हणजे माल ७ मीटर उचलायचा आहे. आपल्याला सेकंदाला ५ लिटर माल हवा. पाइपाचा आतील व्यास ७५ मिलिमीटर असेल तर माल सेकंदाला १.१ मीटर वेगाने धावतो. हा वेग चांगला, कारण एक मीटरच्या खाली आला की गाळ पाइपात बसू लागतो. २०० मीटरमध्ये स्वच्छ पाण्याचे घर्षण सुमारे साडेतीन मीटर होते. स्लरीसाठी ते दुप्पट धरावे, म्हणजे ७ मीटर. वळणे आणि तोटीसाठी आणखी १ मीटर. एकूण हेड १५ मीटर.

सूत्र सोपे आहे: सेकंदाचे लिटर गुणिले हेडचे मीटर, भागिले ७५. म्हणजे ५ गुणिले १५ भागिले ७५, बरोबर १ हॉर्सपॉवर. हे झाले निव्वळ काम. स्लरीच्या पंपाची कार्यक्षमता ३५ टक्केच धरली तर मोटारीला जवळजवळ ३ हॉर्सपॉवर लागतात. थोडी सवलत ठेवून ५ हॉर्सपॉवरचा पंप घ्यावा. तो तासाला १८ हजार लिटर माल देईल. वर सांगितलेली रोजची १६०० लिटर स्लरी सहा मिनिटांत संपते! म्हणून ४० म्हशींच्या तबेल्याला १० किंवा १५ हॉर्सपॉवरची मोटार विकू पाहणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

आता याच ठिकाणी काटकसर म्हणून ५० मिलिमीटरचा पाइप टाकला तर काय होते? वेग अडीच मीटरवर जातो. स्वच्छ पाण्याचेच घर्षण २६ मीटरच्या पुढे, स्लरीचे ५३ मीटर. एकूण हेड ६१ मीटर. त्याला ११ हॉर्सपॉवरच्या वर मोटार लागेल, आणि ती रोज विजेच्या बिलातून पाइपाची किंमत वसूल करीत राहील. पाइपाचा व्यास थोडा कमी केला की घर्षण किती भराभर वाढते, हे तबेल्याच्या मालकाला कोणी सांगत नाही, कारण पाइप विकणारा वेगळा आणि पंप विकणारा वेगळा. बाजारात पाइपाचे माप बहुधा बाहेरचे सांगतात, हेही लक्षात ठेवावे. ९० मिलिमीटरचा पाइप आतून ८० ते ८५ भरतो.

पंप खड्ड्याच्या वर ठेवून खालून ओढण्याचा विचार असेल तर स्वच्छ पाण्यालाही ६-७ मीटरच्या वर ओढ व्यवहारात मिळत नाही. स्लरीसाठी ३ मीटर धरावे. ओढीच्या पाइपात शिरलेली थोडी हवाही पंपाला नाकाम करते.

खड्ड्यातील वायू

पंपाच्या किमतीपेक्षाही मोठी गोष्ट इथे आहे. साठलेली स्लरी कुजते तेव्हा तिच्यातून मिथेन निघतो आणि हायड्रोजन सल्फाइडही निघतो. दुसरा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते की धोका टळला. आणखी प्रमाण वाढल्यावर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. स्लरी ढवळायला किंवा उपसायला सुरुवात केली की खालच्या थरात दबलेला वायू एकदम सुटतो, म्हणजे जेव्हा पंप सुरू असतो नेमके तेव्हाच धोका सर्वाधिक असतो. सेप्टिक टँक आणि सांडपाण्याच्या टाक्यांतील मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतोच. त्यांत बहुतेक वेळा एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा.

म्हणून पंप निवडताना पहिला प्रश्न हा असावा: हा पंप अडकला तर तो खड्ड्यात न उतरता वर काढता येईल काय? बुडणारा पंप साखळीला बांधून, दोन उभ्या पाइपांच्या मार्गदर्शकावरून खाली सोडलेला असावा, आणि खड्ड्यावर लोखंडी घोडी व कप्पी असावी. दोन माणसे वरून तो ओढून घेतील आणि मोकळ्या हवेत साफ करतील. ही व्यवस्था करायला जो खर्च येतो तो पंपाच्या किमतीतच धरावा. फूट व्हॉल्व्ह तळाशी असलेला साधा पंप स्वस्त दिसतो, पण दर वेळी कोणाला तरी खाली उतरवावे लागते. ते उतरणे कधीही होऊ देऊ नये, मालकाने स्वतःही नाही. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने किंवा खड्ड्यात दिवा सोडून पाहिल्याने काहीही होत नाही. उलट दिव्याने मिथेनचा भडका उडू शकतो. खड्ड्यावर जाळी असावी, ढवळताना म्हशी आणि मुले दूर न्यावीत, विडी तर नकोच. बुडणाऱ्या पंपाला गळतीचा विद्युतप्रवाह तोडणारा ब्रेकर लावून घ्यावा, कारण ओल्या फरशीवर केबल सोलली गेली तर म्हैस आधी जाते.

खरेदी करताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीटपासून ते नवी मुंबईतील औद्योगिक वसाहतींपर्यंत पंपांची दुकाने पुष्कळ आहेत. जाताना आपल्या स्लरीचे टक्के, एकूण हेड, पाइपाचा व्यास आणि विजेचा फेज कागदावर लिहून न्यावा. पाच हॉर्सपॉवरला तीन फेजची जोडणी लागते, हे आधी पाहून घ्यावे. पंपाचा कामगिरीचा आलेख मागावा आणि आपल्या हेडला तो किती लिटर देतो ते बोटाने दाखवायला सांगावे. इम्पेलर बिडाचा किंवा पोलादी असावा. पितळ आणि कांस्य अमोनियाने व गंधकाच्या वायूने खराब होतात, आणि स्लरीत दोन्ही असतात. ग्लँडऐवजी दुहेरी मेकॅनिकल सील असेल तर उत्तम. ग्लँडमधून सतत शिंतोडे उडतात आणि पंप चालवणाऱ्या गड्याला प्रत्येक नमाजेपूर्वी कपडे बदलावे लागतात, ही तक्रार आम्ही एकाहून अधिक तबेल्यांत ऐकली आहे. पंप उधारीवर घेणार असाल तर रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत दोन्ही बिलावर लिहून घ्यावी. हमीपत्रात "स्लरी" हा शब्द आलाच पाहिजे. अनेक हमीपत्रे स्वच्छ पाण्यापुरतीच असतात आणि पंप बंद पडल्यावर ते कळते.

शेत दूर असेल किंवा अनेकांची शेते असतील तर पाइपाऐवजी ट्रॅक्टरमागे ओढायचा व्हॅक्युम टँकर घ्यावा. मैलागाडीत असते तीच यंत्रणा. टाकीतील हवा काढली की स्लरी आपोआप आत येते, त्यामुळे स्लरी पंपातून जातच नाही आणि काही अडकत नाही. पण आपल्याकडे भातखाचरांच्या बांधांवरून टँकर जात नाही. दोन-तीन तबेल्यांनी मिळून एक टँकर घेतला आणि बांधाच्या टोकापासून लवचीक पाइप सोडला तर जमते.

पावसाळ्याचे काय?

युरोपातील माहितीपुस्तिका वाचून पंप निवडणाऱ्यांची गफलत इथे होते. तिकडे थंडीत स्लरी पसरण्यावर बंदी असते आणि हॉलंडमध्ये तर १९९०च्या दशकापासून ती मातीत खोचून घालण्याची सक्ती आहे, कारण उघड्यावर फवारली की तिच्यातील अमोनिया, म्हणजे पिकाचा नत्र, हवेत उडून जातो. आपल्याकडे अडचणीचे महिने जून ते सप्टेंबर. खाचरे पाण्याने भरलेली असतात. त्या दिवसांत सोडलेली स्लरी बांध ओलांडून ओढ्यात आणि तिथून खाडीत जाते. खतही गेले आणि मासेही. म्हणजे चार महिन्यांची साठवण हवी. रोज १६०० लिटरप्रमाणे १२० दिवसांची १ लाख ९२ हजार लिटर, म्हणजे १६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाकी. धुण्याचे पाणीही त्यातच सोडले तर टाकी जवळपास दुप्पट मोठी लागेल. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वर छप्पर आणि कडेला बांध हवा, नाहीतर कोकणातील पाऊस ती दोन आठवड्यांत काठोकाठ आणील.

चार महिने पडून राहिलेल्या टाकीत वर जाड साय धरते आणि तळाशी गाळ बसतो. मधला पातळ भाग तेवढा पंप ओढतो. म्हणून उपसण्यापूर्वी स्लरी ढवळावी लागते. त्यासाठी वेगळे यंत्र घेण्याऐवजी पंपाच्या डिलिव्हरीला एक फाटा काढून, व्हॉल्व्ह लावून, तीच स्लरी जोराने परत टाकीत सोडावी. अर्ध्या तासात साय फुटते. हा फाटा पंप बसवतानाच काढून घ्यावा.

भातकापणीनंतर, नोव्हेंबरात, पांढऱ्या कांद्यासाठी किंवा वालासाठी जमीन तयार करताना स्लरी सोडणे सर्वांत चांगले. संध्याकाळी सोडावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांगरून मातीत मिसळावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर उभ्या पिकात ती सोडू नये. काम संपल्यावर पाच मिनिटे साधे पाणी पंपातून व पाइपातून सोडावे आणि पाइपाचे शेवटचे टोक उघडे ठेवावे. आत वाळलेले शेण पुढच्या हंगामात काढणे फार जिकिरीचे काम आहे, आणि त्यासाठी गडी मिळत नाही.